शोयिनकाराचे तीन मुलगे

आमच्या सेयिलखानचं आणि रौशानचं तेवीस वर्षांचं लग्न मोडलं ते एका मंगळवारी दुपारी, दोघं शेजारी बसून कांदे सोलत असताना, एकमेकांना एक वाकडा शब्दही न बोलता. मोडलं ते कापडाने. चौदा हात उंच निळं कापड, त्यावर रंगवलेलं झाड, आणि झाडाच्या पानापानावर माणसाचं नाव. दोन ट्रकांच्या मधे आम्ही ते ताणून बांधत होतो. डावीकडची दोरी माझ्याच हातात होती, तेव्हा पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. जे पाहिलं नाही ते त्याहून चांगलं सांगतो.

झाडाच्या बुडाशी, मुळांच्या जागी, मिशा, भाला आणि घोड्यासकट वीर शोयिनकारा बसला होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याने एकट्याने शत्रूचे शंभर स्वार परतवले. पण पाच महिन्यांपूर्वीपर्यंत अयागोझच्या अख्ख्या माळावर त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, कारण तो पाच महिन्यांपूर्वीच जन्मला होता. बाप, माझा पुतण्या सेयिलखान, कादंबरीकार. आई, अल्माटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, तिसरा मजला, गॅससकट.

कापड ताणून झालं तसे आमचे व्याही ओमिरताय पुढे आले. रौशानचे वडील. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, कुठलंही झाड नकाशासारखं वाचणार. काठीने त्यांनी आपलं नाव शोधलं आणि खाली खाली येत चालले.

"जावईबापू, हा मी?"

"हो बाबा," कांदा सोलता सोलता सेयिलखान म्हणाला.

"हा माझा बाप अक्पान. मग तिलेउली, जानबोता, बेयसेन. इथवर बरोबर. पण बेयसेनचा बाप उंटावरून मीठ वाहायचा. त्याच्या जागी हा भालेवाला कोण बसवलाय?"

"ते पुस्तकात सविस्तर आलंय, बाबा."

"असं?" काठी झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेली. "आणि या फांदीच्या टोकाला कोण आहे? सेयिलखान. म्हणजे तू. तू या झाडावर कधी चढलास?"

सेयिलखानच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं असेल.

ओमिरताय बोटं दुमडत मोजू लागले. आमच्याकडे पोराला नाक पुसता येण्याआधी आपल्या सात बापांची नावं पाठ येतात, आणि त्या सातांत कुठे समाईक बाप निघाला तर तो मुलगा आणि ती मुलगी बहीणभाऊ. त्यांचं लग्न होत नाही. होऊन गेलं असेल तर ते लग्न नव्हे.

"सेयिलखानकडून शोयिनकारा, सहा," ओमिरताय म्हणाले. "रौशान, तुझ्या बाजूने तू मोज. माझी चूक होत असेल."

रौशान उभी राहिली. तेवीस वर्षांत नवऱ्याची एकही ओळ तिच्या तपासणीतून सुटली नव्हती. पूर्वी ती प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक होती. तिने एकदा वरून खाली मोजलं, मग खालून वर मोजलं.

"सहा," ती म्हणाली.

मग ती बसली, पण नवऱ्यापासून दोन हात लांब. आणि त्याला अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, ती सुरी जरा इकडे द्या."

माझ्या हातातली दोरी सुटली.

* * *

सेयिलखान वाईट माणूस नाही. जुन्या, लाल झेंड्याच्या राज्यात त्याची दोन पुस्तकं निघाली, एकाच्या तर साठ हजार प्रती. मेंढपाळांच्या वाचनालयांत त्या अजून नव्याकोऱ्या आहेत. मग एका डिसेंबरात ते राज्यच आटोपलं. प्रकाशन संस्थेच्या इमारतीत सोफ्यांचं दुकान आलं. रौशान बाजारात मोजे विकायला बसली, आणि माझा पुतण्या लोकांची मानपत्रं लिहू लागला, साठीच्या कविता लिहू लागला. एकदा तर त्याने खताच्या पोत्यावरचा मजकूर लिहिला. तो मी वाचलाय. डोळे भरून आले.

अशात भेटला कारिमसाक. सहा पेट्रोल पंप, एक सॉसेजचा कारखाना. मागच्या साली पिठाच्या गिरणीवाल्याने आपल्या वीर पूर्वजाच्या नावाने जेवण घातलं होतं, चाळीस घोडे धावले होते. कारिमसाकला साठ धावायला हवे होते. घोडे होते, पूर्वज नव्हता.

मार्चमध्ये सेयिलखानने त्याला शोयिनकारा करून दिला. वीराला तीन मुलगे. मधल्यापासून कारिमसाक. पण नुसता कारिमसाक दाखवला तर लोक हसतील. शेजारी एखादं खरं, पंचक्रोशीला पाठ असलेलं घराणं हवं. सासऱ्यांची वंशावळीची वही 'कादंबरीसाठी' म्हणून त्याच्याकडे पडून होतीच. थोरल्या मुलाच्या जागी त्याने सासऱ्यांचा बेयसेन बसवला. विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये कारिमसाक सेयिलखानला म्हणाला (आमच्याकडे आदराने हाक मारताना नाव असं आखूड करतात), "सेके, परक्या लेखकाला मी मानधन देतो. भावाला घर देतो." आणि फ्लॅटची किल्ली टेबलावर ठेवली. सेयिलखानने त्याच दुपारी धाकट्या मुलाच्या जागी त्याचा स्वतःचा पाचवा बाप, आमचा कोश्कार, बसवला आणि स्वतःला वंशात घेतलं. मार्चमध्ये कुणाला कुठे बसवलं होतं ते ऑगस्टमध्ये त्याच्या ध्यानात राहिलं नाही. रौशानने एका नजरेत पकडलं असतं. पण हे एकच पुस्तक त्याने तिला दाखवलं नव्हतं, कारण ती काय म्हणेल ते त्याला ठाऊक होतं.

आता माझंही सांगून टाकतो, नाहीतर माझी वहिनी सांगेल. कोश्कारचा खरा बाप कोण, हे माहीत असलेला मी एकटाच जिवंत. सेयिलखानने मला विचारलं होतं, "काका, कोश्कारला शोयिनकाराचा मुलगा केला तर?" मी म्हटलं, "कोश्कारला विचारावं लागेल." दुसऱ्या दिवशी चांदीच्या खिळ्यांचं खोगीर घरी आलं. कोश्कारची काही हरकत नव्हती.

* * *

आम्ही लोकरीच्या नमद्याच्या तंबूत बसलो. चहा आला, कुणी घेतला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मधे दोन बाप घाला," सेयिलखानची आई, माझी कुलपाश वहिनी म्हणाली. "सहाचे आठ होतील. दोन बाप म्हणजे काय, दोन नावं. त्यांना जेवायला घालायचंय का?"

"आणि वर्षं कुठून आणू, विहीणबाई?" ओमिरताय म्हणाले. "तेवढ्याच काळात आठ पिढ्या बसवायच्या तर माझ्या आजोबांना पाळण्यातच बाप व्हावं लागेल. शिवाय माझे बाप अख्ख्या तालुक्याला पाठ आहेत. मीच शिकवलेत."

"मग पोराचंच नाव गाळा की!"

"गाळलं तर फ्लॅट जाईल, आई," सेयिलखान हळूच म्हणाला.

 त्या फ्लॅटच्या खिडक्यांची मापं वहिनीने मागवली होती आणि पडदे शिवूनही ठेवले होते. चाळीस वर्षं शेणाच्या गोवऱ्यांवर चहा करणाऱ्या बाईला गॅस म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही.

"आणि माझ्या नातीला काय म्हणायचं?" ओमिरताय म्हणाले. "सेमेयला कॉलेजात शिकतेय. तिने उद्या विचारलं, आजोबा, माझे आईबाप एकमेकांचे कोण, तर?"

"दादांना विचार म्हणावं," रौशान म्हणाली. "त्यांना सुचतं."

"रौशान, पुरे ना," सेयिलखान म्हणाला.

"मोठ्या भावाला उलट बोलू नये. नाही बोलत."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि कारिमसाक आत आला. बरोबर पाच भरजरी अंगरखे. तो कुणाशीही बोलण्याआधी त्याच्या खांद्यावर अंगरखा घालतो. त्याचा अनुभव असा की अंगरख्याखाली माणूस मऊ पडतो. ओमिरतायनी आपला काढून घडी करून गुडघ्यापाशी ठेवला. मी माझा राहू दिला. तंबूत गार होतं.

कारिमसाकला सगळं सांगितलं. तो हसला नाही. हा माणूस हसण्याजोगा दिसतो, पण त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. त्याचा आजोबा दुष्काळाच्या साली एका स्टेशनवर सापडला होता, तीन वर्षांचा, अनाथालयातल्या बाईंनी त्याला नाव दिलं. त्याच्या मागे काही नाही. शाळेत पोरं सात बाप म्हणून दाखवायची तेव्हा कारिमसाक दोनवर थांबायचा आणि मास्तर म्हणायचे, बस खाली. ते मास्तर ओमिरतायच होते. उद्या दोन हजार माणसांसमोर त्याला उभं राहून ऐकायचं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी शर्यतीआधी सेके वंशावळ म्हणून दाखवणारच आहेत. लोक ऐकतील तेच खरं. पुस्तक वाचतंय कोण? सेके एवढंच म्हणतील की ओमिरताय मास्तरांची मुलगी ही पोटची नाही. तान्ही असताना दुसऱ्या कुळातून वाढवायला आणलेली. आपल्यात चालतंच. लग्न शाबूत, वीर शाबूत, घर शाबूत."



"बघा! कसं डोकं चालतं!" वहिनी म्हणाली. "वाढवायला आणलेली! त्यात कमीपणा कसला? मीसुद्धा आजीकडेच वाढले."

"माझी बायको या मुलीला जन्म देताना तीन दिवस मरत होती," ओमिरताय म्हणाले. त्यांचा आवाज भूगोलाच्या तासाला असायचा तसाच होता. "ती आता नाही. तिला मी काय सांगू? वाढवायला आणली होती?"

"व्याहीबुवा, एक वाक्य आहे हो."

"आई," रौशान सासूला म्हणाली, "असं करू. तुमचाच मुलगा वाढवायला आणलेला म्हणू. तेही एकच वाक्य. घरही मिळेल, कारिमसाकसाहेब दत्तक भावालाही भाऊच मानतील. हो ना?"

"चालेल," कारिमसाक म्हणाला.

"काय चालेल?" वहिनी गुडघ्यांवर उठली. "सोळा तास! सोळा तास कळा सोसल्या मी या गाढवापायी! बर्फात! दाई घोड्यावरून पडली होती! आणि हा सॉसेजवाला म्हणतो चालेल? मी काय वांझ होते?"

"पण आई, एक वाक्य आहे हो," रौशान म्हणाली.

वहिनी सुनेकडे बघत राहिली. मग ती उठली, तंबूच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि ओमिरतायच्या शेजारी जाऊन बसली. तिचाही अंगरखा घडी होऊन गुडघ्यापाशी गेला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे बघितलं. खोगीर खरंच फार छान होतं.

"सेके," कारिमसाक म्हणाला, "वंशावळ तुम्ही म्हणणार. तुम्ही बोला."

माझ्या पुतण्याने चहाचा वाडगा बाजूला सरकवला. वाचणाऱ्याला वाटेल आता तो उठेल, किल्ली फेकून देईल. मलाही वाटलं होतं. तो म्हणाला, "रौशान... कागदावरच आहे गं. फक्त कागदावर."

रौशानने हातातली सुरी पुसली, पिशवीत ठेवली, आणि म्हणाली, "आयुष्यभर कागदावर जगलास. कागद म्हणजे 'फक्त' कधीपासून झाला?"

आणि ती वडिलांच्या तंबूत राहायला गेली.

* * *

ऊन कलायच्या आत सेयिलखान तीनदा त्या तंबूच्या दारापर्यंत जाऊन आला. चौथ्यांदा त्याने दाराचा नमदा बाजूला केला. रौशान पीठ मळत होती. उद्याच्या दोन हजार माणसांसाठी दीडशे बायका पीठ मळत होत्या, त्यांतली ती एक.

"दादा, बहिणीच्या तंबूत असं डोकावू नये."

"पुरे झालं ते दादा."

"तूच लिहिलंयस. मी फक्त मोठ्याने वाचतेय."

तो उंबऱ्यातच उकिडवा बसला. "तुला वाटतं मी माझ्यासाठी केलं? मागच्या हिवाळ्यात नळ फुटला तेव्हा कोट घालून झोपत होतो आपण. तू उणे वीसमध्ये बाजारात उभी राहतेस. रात्री तू झोपलीस की तुझे पाय चोळतो, तेव्हा बोटं मला लाकडासारखी लागतात. मला ती बघवत नाहीत, रौशान. तिसरा मजला आहे. नळाला गरम पाणी आहे. बाराही महिने."

आता हे ऐकून तिला काय वाटलं असेल? वाईट वाटलं. त्याने ती बोटं बघितली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. ती दोन वर्षं मोज्यांवर मोजे घालून ती लपवत होती. तिच्या मनात आलं, जाऊ दे. एक वाक्य. बाबा रागावतील, मग थंड होतील. गरम पाणी थंड होणार नाही.

मग तिला तंबूच्या मागून वडिलांचा आवाज ऐकू आला. म्हातारा एकटाच बसून आपले सात बाप म्हणत होता, हळू, एकेक, सगळे जागेवर आहेत ना ते बघितल्यासारखा.

"मोजे मी विकते, सेयिलखान," ती म्हणाली. "बाप विकत नाही. आणि तू विकलेस. माझे पाच, तुझे पाच. मला न दाखवता. मला दाखवलं असतंस तर आज आपलं लग्न तरी वाचलं असतं, चूक मी दुरुस्त केली असती. तुझी शरम वाटली असती, पण लग्न वाचलं असतं."

"मग उद्या काय करू ते सांग."

"मी का सांगू? लेखक तू. पण एक ऐक. उद्या सगळ्यांसमोर तू माझं नाव बाबांच्या नावापासून तोडलंस, तर अल्माटीला एकटा जा. किल्ली आहे तुझ्याकडे. पडदेही आहेत."

तिने पीठ उलटं केलं आणि त्यावर मूठ मारली. त्याने नमदा खाली सोडला.

* * *

सकाळी नऊला माळ माणसांनी भरला. साठ घोडे होते. (पासष्ट म्हणालो असतो, पण त्यातले पाच माझ्या मेव्हण्याचे, ते धावले नाहीत.) कारिमसाक पांढऱ्या टोपीत, छातीवर हात ठेवून, सगळ्यांच्या पुढे उभा. ओमिरताय आणि रौशान डाव्या बाजूला, आणि त्यांच्यामधे कुलपाश वहिनी, जिने सकाळीच जाहीर केलं होतं की मुलगा जो कुणी निघेल तो निघेल, सून माझी आहे.

सेयिलखान ट्रकच्या पाठीवर चढला. मायक्रोफोन शिटी मारून गप्प झाला. त्याने म्हणायला सुरुवात केली, आणि त्याला बाकी काहीही म्हणा, पण तो म्हणतो चांगलं. शोयिनकारा घोड्यावर बसला. शत्रू आले. भाला मोडला तेव्हा वीराने मोडक्या भाल्याने, आणि तोही गेला तेव्हा रिकिबीने. कारिमसाकचे ओठ हलत होते.

"शोयिनकाराला तीन मुलगे," सेयिलखान म्हणाला. "थोरला बेयसेन."

ओमिरतायनी काठी घट्ट धरली. सेयिलखानने त्यांच्याकडे बघितलं, मग रौशानकडे. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, मुद्रित तपासताना बघायची तशी, पुढच्या अक्षराची वाट पाहत. तो थांबला. इतका वेळ थांबला की शर्यतीचे दोन घोडे कंटाळून लाथा मारू लागले.

"थोरला बेयसेन," तो पुन्हा म्हणाला, "सहाव्या वर्षी देवीच्या साथीत गेला."

कारिमसाकचे ओठ थांबले.

"वीर तेव्हा सीमेवर होता. परत आला तेव्हा पोराचं लाकडी घोडं दारात पडलं होतं. ते त्याने उचललं नाही. धाकटा कोश्कार, चार वर्षांचा, भावाला शोधत नदीकडे गेला. बर्फ पातळ होता." आता त्याचा आवाज त्याच्या ताब्यात नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच पुढचं झालं. "ज्या हातांनी शंभर स्वार परतवले ते हात दोन पोरांना धरून ठेवू शकले नाहीत. बेयसेनचा वंश नाही. कोश्कारचा वंश नाही. या माळावर त्या नावांची दुसरी माणसं होऊन गेली, मीठ वाहणारी, मेंढ्या राखणारी. त्यांची लेकरं इथे उभी आहेत, त्यांचे बाप त्यांच्यापाशी आहेत, आणि मी, सेयिलखान, त्यांतलाच एक. वीराशी माझं काही नातं नाही. कापडावर चित्रकाराने फांद्या जास्त काढल्यात."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी गाऊन रडू लागली. आमच्या बायका मेलेल्याला गाऊनच रडतात, आणि एकीने सूर लावला की दुसरीला राहवत नाही. दहा झाल्या, चाळीस झाल्या. लाकडी घोड्याचं कडवं कुणीतरी तिथल्या तिथे रचलं. कुलपाश वहिनी, जिला ही पोरं कुठून आली ते माहीत होतं, जिने कालच त्यांच्यावरून अख्खा तंबू डोक्यावर घेतला होता, ती सगळ्यांहून मोठ्याने रडत होती. "बर्फ पातळ होता गं!" म्हणत मला हलवत होती. मीही रडलो. मी त्या पोराच्या नावावर खोगीर घेतलं होतं.

आणि कारिमसाक? आधी त्याचा चेहरा काळा पडला. मग त्याने मागे वळून बघितलं. दोन हजार माणसं डोळे पुसत होती. त्याच्या घराण्यासाठी. तो पिठाच्या गिरणीवाला मान खाली घालून उभा होता. कारिमसाकच्या मनात हळूहळू उजाडलं, की थोरला गेला, धाकटा गेला, म्हणजे राहिला फक्त मधला. सगळा शोयिनकारा, भाल्यासकट, त्याच्या एकट्याचा. तो गुडघ्यांवर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला, आणि ते रडणं, मी छातीवर हात ठेवून सांगतो, अगदी खरं होतं. स्टेशनवरच्या त्या तीन वर्षांच्या पोरासाठी या माळावर कधी कुणी रडलं नव्हतं.

* * *

शर्यत कुणी जिंकली ते मला आठवत नाही. जेवणाला आम्ही गोल बसलो, मधे मांसाचं ताट. रौशान वडिलांशेजारी होती. सेयिलखान तंबूच्या दारापाशी उभा होता, आत यावं की नाही ते न कळून.

तेवढ्यात कारिमसाक आला. डोळे सुजलेले.

"सेके," तो म्हणाला, "किल्ली."

सेयिलखानने काढून दिली.

"घर भावाला म्हणालो होतो. तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलंत की भाऊ नाही. मी काय करू?"

"बरोबर आहे," सेयिलखान म्हणाला.

ओमिरतायनी ताटावर हात फिरवला. तुकडे ज्याचे त्याला वाटायचे असतात, डोकं थोरल्याला, कान पोरांना. हाडावरून माणूस कोण ते कळतं. त्यांनी छातीचा तुकडा काढला, रसरशीत, चरबीचा. तो जावयाचा. नातलगाला तो देत नाहीत, भावाला तर नाहीच. हातावर घेऊन ते दाराकडे बघत म्हणाले, "काय उभा राहिलायस, जावईबापू? निवतंय."

सेयिलखान आत आला आणि बसला, रौशानपासून दोन हात लांब. ती थोडी सरकली. फार नाही. एक हात.

पण कारिमसाक गेला नव्हता. तो दारात रेंगाळत होता, टोपी हातात फिरवत. "सेके, एक मनात आलं. ती दोन पोरं. बेयसेन आणि कोश्कार. त्यांच्यावर वेगळं पुस्तक व्हायला हवं, नाही का? लोक वाचतील. मी तर वाचीनच. लाकडी घोडं, तो बर्फ... परक्या लेखकाचं मानधन देईन, पण चांगलं देईन."

सेयिलखानने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत ते आलं. मी ओळखतो ते. त्याच्या बापाला घोड्यांच्या बाजारात यायचं. त्याचं तोंड उघडलं.

"किती?" असं तो म्हणणार होता. 'कि' झालाही होता.

रौशानने वडिलांच्या हातातून छातीचा तुकडा घेतला आणि अख्खाच्या अख्खा त्याच्या तोंडात कोंबला, तळव्याने आत ढकलून, वाढदिवसाला आजी नातवाला भरवते तसा, फक्त त्याहून जोरात. त्याचे गाल फुगले. डोळे बाहेर आले. त्याला ना बोलता येत होतं, ना गिळता.

"चाव," ती कारिमसाककडे बघत, पण नवऱ्याला म्हणाली. "सावकाश. आणि पुस्तकाचं आधी मला दाखवायचं. पहिल्या ओळीपासून."

कारिमसाक वाट बघत दारातच बसला. आम्ही रश्श्याचे वाडगे फिरवू लागलो. सेयिलखान चावत होता.